झुंबरबाईचा लांबलेला पाय

मी गजरा बोलतेय. नाव ऐकून मोगऱ्याची फुलं डोळ्यांसमोर आली असतील, तर ती आधी बाजूला ठेवा. मी म्हैस आहे. रंगानं काळी, शिंगं पाठीपर्यंत गेलेली, आणि गल्लीचं मत विचाराल तर स्वभावानं हट्टी.

माझा जन्म कोल्हापुरातच झाला, पंचगंगेकडं उतरणाऱ्या वाटेवरच्या एका गोठ्यात. माझ्या मालकिणीनं, झुंबरबाईनं, पदरानं माझं नाक पुसलं आणि म्हणाली, “रेडी हाय! गजरा म्हनायचं हिला.” तेव्हापासून मी तिची आणि ती माझी.

मोठी झाल्यावर संध्याकाळी आम्ही दोघी दूध विकायला कट्ट्यावर जायचो. कोल्हापूरच्या माणसाला दूध डोळ्यांदेखत काढलेलं, फेसासकट ग्लासात हवं असतं. पैलवान असो की बँकेतला साहेब, ओठांवर पांढरी मिशी घेऊनच घरी जातो. झुंबरबाई माझ्याजवळ उकिडवी बसायची, कपाळ माझ्या पोटाला टेकवायची आणि धार काढता काढता साऱ्या गल्लीचा उद्धार करायची. कुठल्या म्हशीला पान्हा सोडायला पेंड लागते, कुठलीला रेडकू लागतं. मला झुंबरबाईची बडबड लागायची.

मग तिचा उजवा खुबा दुखायला लागला. आधी ती उठताना माझ्या शिंगाचा आधार घ्यायची, पुढं पुढं तर उठताना डोळ्यांत पाणी यायचं. शेवटी डॉक्टरांनी खुब्याचा सांधाच बदलायचं ठरवलं आणि ती दवाखान्यात गेली.

माझी धार तिच्या मुलाकडं, उदयसिंहकडं आली. एक हात माझ्या सडाला, एक हात मोबाईलला! असल्या माणसाला कोण दूध देईल? मी पान्हा चोरला. मग सून क्रांती सासूचं लुगडं गुंडाळून आली. लुगड्याला वास झुंबरबाईचा आणि हाताला सुगंधी साबणाचा. फसवणूक माझ्या लक्षात आली होती, पण पोरीची धडपड बघून मी थोडं दूध दिलं.

झुंबरबाई घरी आली ती वॉकर धरून. दुखणं गेलं होतं, अगदी मुळापासून गेलं होतं. पण चार पावलं टाकली की ती थांबायची आणि खाली बघायची.

“उदा, ह्यो पाय लांब झालाय रं माझा.”

“आई, वय झालं की मानसं खुजी हुत्यात. तू उंच झालीस, चांगलंच झालं की!”

तो हसला. ती हसली नाही. सपाट फरशीवरसुद्धा तिला डावा पाय खड्ड्यात पडल्यागत वाटायचं. वॉकर जाऊन काठी आली, तरी चाल तिरकीच. त्यात समोरची बयाबाई एकदा दारातून ओरडली, “झुंबरबाई, बोटीत बसल्यागत डुलतीस की गं!” बयाबाईच्या मनात वाईट नव्हतं. आमच्याकडं मनात आलेलं तोंडातून यायला वेळच लागत नाही. पण त्या दिवसापासून झुंबरबाई घराबाहेर पडेना. गोठ्यातही येईना.

क्रांतीनं तिला परत डॉक्टरांकडं नेलं. तिथं काय झालं ते शेण भरता भरता तिनं मला सांगितलं. (आमच्या कोल्हापूरच्या बायका ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलतात आणि सासूला ‘आत्ती’ म्हणतात. दचकू नका.)

“गजरे, मी आत्तींना घेऊन गेलतो. डॉक्टरनी त्यांच्या डाव्या पायाखाली पातळ पातळ फळ्या ठेवून बघितल्या. कुठं सरळ वाटतंय म्हनून इचारलं. म्हनाले, थोडा फरक खराच हाय. सांधा निसटू नये म्हनून तो घट्ट बसवावा लागतोय, त्यात कधी कधी एवढं तेवढं हुतं. पन आत्तींना वाटतोय तेवढा लांब न्हाय पाय. बरीच वर्षं तिरकं चालून कंबर एका बाजूला ओढली गेलीया, ती व्यायामानं हळूहळू सुटंल. राहिलेल्या फरकासाठी डाव्या चपलेला जरा जाड तळ लावायचा. आणि बघ की, हे सगळं त्यांनी ऑपरेशनच्या आधी बी सांगितलं हुतं म्हनं!”

सांगितलं असेलच. पण झुंबरबाईच्या कानात ते शिरलं नसणार. तिच्या डोक्यात तेव्हा एकच विचार असेल, की गजराची धार कोण काढणार.

चप्पल आली. मागं पट्टा, डावीला रबराचा जास्तीचा थर. झुंबरबाईनं ती उलटीसुलटी करून बघितली आणि कोपऱ्यात सारली. “असली चप्पल घालून मी कट्ट्यावर जाऊ? मानसं तोंडाकडं न्हाय, पायाकडं बघत्यात.” व्यायाम मात्र क्रांतीनं तिच्याकडून रोज करून घेतला.

इकडं माझं दूध आटत चाललं. उदयसिंह वैतागला. कुरुंदवाडच्या पावण्यांकडं मला धाडायचं त्यानं ठरवलं. “तिथं मळा हाय, हिरवी वैरण हाय. म्हस सुखी, आपन बी सुखी,” तो म्हणाला. मला कुणी विचारलंच नाही.

एका सकाळी पावणे टेम्पो घेऊन दारात आले आणि मी टेम्पोसमोर बसले. म्हशीचं बसणं म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक नसेल. उदयसिंहनं दावं ओढलं, पावण्यांनी मागून रेटलं, टेम्पोवाल्यानं शेपूट पिरगाळलं. मी हंबरले. असं हंबरले की बयाबाईच्या चुलीवरचं दूध उतू गेलं म्हणे.

दार उघडलं. झुंबरबाई बाहेर आली. एका हातात काठी आणि पायात तीच चप्पल. सारी गल्ली बघत होती. ती सावकाश आली, जरा डुलत, पण मान वर करून. बयाबाईनं तोंड उघडलं, तशी ती म्हणाली, “बघ, नीट बघ. माझ्या चपलेला जाड तळ हाय आणि हातात काठी बी हाय.”

बयाबाईनं तोंड मिटलं.

“उदा, सोड तिला.”

“आई, धार कोन काढनार?”

“मी काढतो.”

“खाली बसायचं न्हाय म्हनून डॉक्टरनी बजावलंय. इसरलीस व्हय?”

झुंबरबाई माझ्या पोटाशेजारच्या जमिनीकडं बघत राहिली. तिला खरं काय लागलं होतं ते मला तेव्हा उमगलं. डुलणं तिनं कसंही सोसलं असतं. माझ्यापाशी आता बसता येणार नाही, हे तिला सोसत नव्हतं.

“आत्तींनी खाली बसायचं न्हाय,” क्रांती दारातून म्हणाली, “तर म्हशीनं वर यायचं की!”

पावणे हसले. उदयसिंह म्हणाला, “म्हस काय स्टेजवर चढवतीस?”

“चढवतो.”

तिनं तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. ते पोट धरून हसले असावेत, कारण फोनमधून खोकल्यासारखा आवाज येत राहिला. मग म्हणाले, खुर्चीएवढ्या उंचीवर बसायचं, वाकायचं नाही, अंग पिळायचं नाही, सुरुवातीला थोडाच वेळ. आणि म्हैस लाथ मारणारी नको. तो शब्द मी मनातल्या मनात तिथंच दिला.

टेम्पो रिकामा गेला. गोठ्यात विटा आल्या, गुडघाभर उंच ओटा झाला, चढायला उतार झाला. मला त्या उताराशी नेऊन उभं केलं. पुढचे दोन पाय वर गेले, मागचे खालीच राहिले आणि सारं जग तिरकं झालं. मी तिथंच अडून राहिले.

उदयसिंह काठी घ्यायला वळला. झुंबरबाईनं त्याला थांबवलं आणि माझ्या मानेवर हात ठेवला. “घाबरू नको, बाई. मला बी असंच वाटतंय. दमानं टाक पाय. अंगवळनी पडतंय हळूहळू.”

मी चढले. ती ओट्याशेजारी उंच स्टुलावर बसली, पाठ ताठ ठेवून. कपाळ माझ्या पोटाला टेकलं. तिनं सडांना पाणी लावलं. मग म्हणाली, “त्या बयाबाईला लय शानपन आलंय...” आणि माझ्या चारी सडांत दूध उतरलं.

आता कट्ट्यावर मी जात नाही. गिऱ्हाईकंच ग्लास घेऊन ओट्यापाशी येतात. झुंबरबाईची कंबर बरीच सुटलीय. थोडा फरक आहे, तो राहणार. एखाद्या दिवशी साधी चप्पल घालून निघते, मग कंबर आठवण करून देते आणि ती माघारी येते. उतारावर अजून काठी लागते.

माणसांनो, तुमच्या गल्लीत कुणी डुलत चाललं, तर लगेच तोंड उघडू नका. त्यांना खाली येता येत नसेल, तर तुम्हीच थोडं वर या. म्हशीला जमलं, तुम्हाला का जमू नये?

बरं, आता बाजूला सरका. बाई येतेय. ग्लास पुढं करून घाई करायची नाही. तिचा पाय आधी नीट टेकू दे.