अक्कांची बंगई

मी बंगई बोलतेय, म्हणजे घरातला झोपाळा. लोक मला रतिलालभाऊंची बंगई म्हणतात, पण मी आहे त्यांच्या बायकोची, सुनंदाबाईंची. चार पितळी कड्यांवर टांगलेली सागाची फळी, एवढाच माझा जीव. बोलायची मला सवय नाही. सवय होती ती ऐकायची. आता ऐकायलाही काही उरलं नाही, म्हणून तोंड उघडलं.

सावद्याजवळच्या एका गावात, केळीच्या बागेला लागून आमचं घर होतं. भाऊंच्या लग्नाच्या वर्षी सुताराने मला मागच्या ओसरीत टांगलं. भाऊ तेव्हा नुसते शेतकरी होते, पुढे आमदार झाले. पुढची खोली कार्यकर्ते, हार आणि फोटो यांनी भरून गेली. मागची ओसरी मात्र सुनंदाबाईंचीच राहिली. गावच्या बाया त्यांना अक्का म्हणायच्या.

पुरुष पुढच्या दाराने यायचे, बाया मागच्या. उन्हाळ्यात ज्वारीचे पापड, म्हणजे बिबडे, करायला दहा-बारा जणी जमायच्या. ओल्या फडक्यावर पीठ थापता थापता बाया काय काय बोलून जातात, ते मला विचारा! अक्का सगळं ऐकून ठेवायच्या. दुपारी जेवून भाऊ माझ्यावर टेकले की त्या शेजारी बसून सुपारी कातरायच्या आणि एकेक गोष्ट काढायच्या. 'हे करा' असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. "बाया म्हणत होत्या," एवढंच म्हणायच्या. पंधरा दिवसांनी तीच गोष्ट भाऊ भाषणात सांगायचे. कॉलेजच्या मुलींसाठी सकाळची एसटी अशीच सुरू झाली. टाळ्या भाऊंना मिळाल्या. अक्का इकडे ओसरीत पायाच्या अंगठ्याने मला हलकेच झोका देत बसल्या होत्या. मला त्यांचं कौतुक वाटलं आणि खरं सांगायचं तर रागही आला.

एक दिवस झुंबरबाई आली. केळीच्या बागेत मजुरीला जाणारी, तोंडाची फटकळ, पण त्या दिवशी आवाज खाली होता.

"अक्का, आपल्या दवाखान्यात बाई नही. सुनेले सातवा लागला. ते पुरुष डॉक्टरले हातच लावू देत नही. भाऊले सांगा, बाई पाहिजे म्हना."

अक्कांनी दुपारी जसंच्या तसं सांगितलं. "दवाखान्यात बाई पाहिजे, असं बाया म्हणत होत्या." भाऊ पेंगत होते. "हं, होऊन जाईल," म्हणाले. आणि झालंही. भाऊंनी फोन फिरवला, महिन्याभरात दवाखान्यात बाई आली. हातात खराटा घेऊन! भाऊंनी बाई मागितली, वरच्यांनी झाडणारी बाई दिली. गाव पोट धरून हसलं. झुंबरबाई हसली नाही. तिच्या सुनेला कळा सुरू झाल्या तेव्हा केळीच्या गाडीत घालून भुसावळला न्यावं लागलं. बाळ वाटेतच गेलं.

अक्का त्या दुपारी माझ्यावर बसून रडल्या. "एक शब्द कमी बोलले गं मी," असं मलाच म्हणाल्या. मग उठून भाऊंच्या नावाचा छापील कागद घेतला आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'बाळंतपणासाठी स्त्री डॉक्टर हवी. झाडणारी नव्हे.' खाली स्वतःची सही केली आणि कागद भाऊंच्या पीएच्या, कुंदनच्या हातात दिला.

दीड महिन्यात डॉक्टर दिपमाला आल्या. बायांची रांग दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेली. पण तो कागद कुणीतरी फोडला आणि पेपरात छापून आला. 'आमदार कोण, भाऊ की वहिनी?' विरोधकांना आयतंच सापडलं. 'बंगईवरचं सरकार' म्हणून भरसभेत मलाही नावं ठेवली.

"माझी फजिती केलीस," भाऊ म्हणाले.

"अहो, डॉक्टर तर आली ना?"

"आली. पण माझ्या नावावर नाही आली."

त्यानंतर भाऊ माझ्यावर कधी बसले नाहीत. वर्षभरात सगळं बिऱ्हाड जळगावला, पिंप्राळ्यात हललं. तिसऱ्या मजल्यावरच्या काचबंद गॅलरीत मला टांगलं. इथे मागचं दारच नाही. अर्ज असेल तर खाली कुंदनकडे द्यायचा. अक्का दुपारी येऊन माझ्या एका कडेला बसतात, सुपारी कातरतात आणि कातरलेली तशीच डब्यात टाकतात. खूप एकटं वाटतं हो. त्यांनाही आणि मलाही.

गेल्या आठवड्यात खाली झुंबरबाई दिसली. अक्कांनी काच सरकवून "झुंबरबाई! ए झुंबरबाई!" म्हणून हाका मारल्या. खाली स्कूटर, रिक्षा. तिला काय ऐकू येणार? अक्का लगबगीने खाली गेल्या, तोवर ती एसटी गाठायला निघून गेली होती. त्या परत आल्या त्या कुंदनकडचा तिचा अर्ज घेऊन. डॉक्टर दिपमालांची बदली झाली आहे, ती थांबवावी, असं त्यात होतं. झुंबरबाईच्या सुनेला पुन्हा दिवस गेलेत, हेही तिने लिहिलं होतं. अक्कांनी तो कागद माझ्यावर बसून तीनदा वाचला.

त्याच दुपारी भाऊ घरी आले.

"बसता का जरा?" अक्का म्हणाल्या आणि सरकून त्यांनी जागा केली.

"बोल ना, ऐकतोय." भाऊ मोबाइल चाळत उभेच राहिले.

अक्कांनी मोबाइलवर फिरणाऱ्या त्यांच्या अंगठ्याकडे पाहिलं. "काही नाही," म्हणाल्या. अर्ज त्यांनी घडी करून मांडीखाली सरकवला.

भाऊ, मी लाकूड. माझं बोलणं तुमच्या कानावर यायचं नाही, तरी सांगते. डॉक्टर सोमवारी जातेय. त्या पोरीला आठवा लागलाय. माझ्यावर नका बसू हवं तर, पण अक्कांच्या शेजारी घटकाभर बसा आणि काय झालंय ते विचारा. काम झालं की नाव खुशाल तुमचंच लावा.