तिसरी हाक

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. कागदोपत्री माझं नाव चांगलं लांबलचक होतं, पण ते कागदावरच राहिलं. आकार पोळ्यांच्या डब्याएवढा, पुढे जाळी, वर एक दिवा. तो कधी लाल लागतो, कधी हिरवा. कामगार मला हाकामारी म्हणत. हाकामारी म्हणजे दारात येऊन नावाने हाक मारणारी ती भुतीण. ओ दिली की माणूस गेलाच म्हणून समजा. असलं नाव कोणाला आवडेल? मलाही आवडलं नव्हतं. आता सवय झाली आहे.

माझा जन्म चीनमधल्या चेंगदू शहरातला. मनाच्या आजारांच्या डॉक्टर शेनबाईंनी मला घडवलं. त्यांच्या वडिलांना कधीही 'कसं वाटतंय' विचारलं, की ते म्हणत, "काही नाही, जरा पोट दुखतंय." असं म्हणता म्हणता एक दिवस त्यांनी स्वतःला संपवलं. पोटाला काहीच झालेलं नव्हतं. तेव्हापासून बाईंनी ठरवलं, माणूस काय बोलतो यापेक्षा तो कसा बोलतो हे ऐकायचं. मन खचलं की आवाज सपाट होतो, दोन शब्दांमध्ये पोकळी पडते, कधी माणूस बोलायचंच सोडतो. हजारो रुग्णांचे आवाज ऐकवून त्यांनी मला हे शिकवलं. मी हुशार विद्यार्थी होतो, आणि मला त्याचा गर्वही होता. काम सोपं होतं. नावाने दोनदा हाक मारायची आणि विचारायचं, "आज कसं वाटतंय?" उत्तर खचलेलं वाटलं तर लाल दिवा, नाहीतर हिरवा. तिसऱ्यांदा हाक मारली तर आपल्यावर कोणी रागावलंय असं वाटतं, म्हणून बाईंनी हाका दोनच ठेवल्या.

पुढे बाई संशोधनासाठी अमिरातीत आल्या आणि अल कुसैसमध्ये त्यांनी ऑफिस थाटलं. तिथे त्यांना मदतनीस म्हणून मुग्धा भेटली. मूळची पुण्याची, मानसशास्त्र शिकलेली, राहायला शेजारच्या अल नहदात. ज्या कामगारांवर संशोधन व्हायचं होतं, त्या अठरा जणांची नावं आणि तो प्रश्न तिने मराठीत रेकॉर्ड करून माझ्यात भरला. म्हणजे मी डबा आणि आवाज बाईमाणसाचा. माझ्या पोटात फोनचं सिमही होतं. वेळ पडली तर मुग्धा ऑफिसात बसून माझ्यातून थेट बोलू शकत असे.

मला उम्म अल कुवैनच्या एका कारखान्यातल्या विश्रांतीच्या शेडमध्ये, पाण्याच्या कूलरशेजारी टांगलं. उन्हाळ्यात उघड्यावरचं काम साडेबारा ते तीन बंद असतं. बाहेर पत्रा तापून तडतडतो, रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. तेवढ्या वेळात अठरा मराठी माणसं, बहुतेक कोकणातली, माझ्यासमोर जेवायला बसत.

पहिल्या दिवशी मी त्यांच्या मुकादमाला, रामेश्वरला, हाक मारली. दोनदा. त्याने घास हातातच धरला. कोणी हललं नाही, कोणी खोकलंसुद्धा नाही. मी दुसऱ्याला हाक मारली, तिसऱ्याला मारली, सतरा जणांना मारली, आणि प्रत्येक वेळी तशीच शांतता. भूत मी असूनही भीती मलाच वाटू लागली. शेवटी महादूची पाळी आली. त्याने पहिल्याच दमात ओ दिली. "ओ. बरं आहे. येतो हं."

त्या 'येतो हं'चा विचार कोणी केला नाही. मीही केला नाही.

संमतीच्या कागदावर सह्या मात्र सगळ्यांनी केल्या होत्या, कारण मॅडमना तोंडावर नाही कसं म्हणायचं? मुग्धा फोनवर विचारायची, मशीन नीट चालतंय ना? रामेश्वर सांगायचा, एकदम फर्स्टक्लास. आणि दुपारी माझ्यासमोर पुन्हा ते सतराही जण दगड. तीन आठवड्यांत माझ्या हिशेबाने सतरा माणसं गंभीर आजारी होती आणि एकटा महादू ठणठणीत. शेनबाई घाबरल्या. त्यांनी त्या सतरा जणांना तपासणीसाठी व्हॅनने अल कुसैसला बोलावून घेतलं. महादू चांगला होता, म्हणून तो मागे राहिला.

त्या दुपारी शेडमध्ये तो आणि मी. साडेबारा वाजले आणि मी रिकाम्या बाकांना हाका मारू लागलो. प्रत्येक नावानंतर मी पाच सेकंद थांबतो. त्या पाच सेकंदांत मला ऐकू येत होता फक्त एक श्वास, अगदी शांत. महादूने बूट काढून शेजारी शेजारी ठेवले, जॅकेटची घडी घातली आणि मोबाइल माझ्या डोक्यावर पालथा घातला. मग त्याचं नाव आलं.

"महादू, महादू, आज कसं वाटतंय?"

"ओ, आई. निघालोच."

आवाज सरळ होता, स्वच्छ होता, त्यात एकही पोकळी नव्हती. मी हिरवा दिवा लावला. मित्रांनो, त्या हिरव्या दिव्याची मला अजून लाज वाटते. महादूने दार उघडलं. समोर भाजून निघालेला रस्ता होता, आणि तो रस्ता समुद्राकडे जातो.

त्याच वेळी अल कुसैसमध्ये काय चाललं होतं, ते मला पुढे मुग्धाच्या बोलण्यातून कळलं. सतराही जण चहा पीत एकमेकांची थट्टा करत होते. यातलं कोण आजारी, हे शेनबाईंना कळेना. मग मशीनला ओ का देत नाही, असं मुग्धाने रामेश्वरला सरळच विचारलं. तो लाजला.

"मॅडम, भर दुपारी नावाने हाक आली तर तिसरी ऐकल्याशिवाय ओ द्यायची नाय. ती दोनदाच मारते. तिसरी हाक जित्या माणसाची."

मुग्धाला हसू आलं. तिने ते शेनबाईंना समजावून सांगितलं, पण बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, मग तो एक जण ओ का देतो? त्याला हे माहीत नाही का?

रामेश्वरने कप खाली ठेवला. "माहीत नसायला काय? त्याच्याच आईने शिकवलंय आम्हाला. मुक्ताबाईने. फाल्गुनात वारली ती. याला रजा मिळेपर्यंत तेरावं होऊन गेलं."

मुग्धाने महादूला फोन लावला. मोबाइल माझ्या डोक्यावर नुसता थरथरत राहिला. मग तिने माझी लाइन उघडली, आणि माझ्या जाळीतून आवाज फुटला. तो मी काढला नव्हता.

"महादू!"

उंबऱ्यावरचा माणूस थांबला. तीन आठवडे रोज ऐकलेला तोच आवाज, पण त्याने तिसरी हाक कधीच मारली नव्हती. महादू हळूहळू वळला.

"कोण?"

"मी मुग्धा. ऑफिसातून बोलतेय. दादा, आत या. दार लावून घ्या आणि माझ्याशी बोला."

तो आत आला, माझ्याखाली भिंतीला टेकून बसला आणि लहान मुलासारखा रडला. व्हॅन पोचेपर्यंत मुग्धा बोलत राहिली. पुढे त्याच्यावर रीतसर उपचार झाले. आज तो बरा आहे, आणि हे मी दिव्याकडे बघून सांगत नाही. तो मुग्धामार्फत शेनबाईंना म्हणाला होता, "आवाज आईचा नाही हे कळत होतं हो. पण इकडे मला नावाने हाक मारतं कोण? सगळ्यांचा मी भाई, नाहीतर बॅज नंबर."

शेनबाईंनी अहवालात स्वच्छ लिहिलं, की आमच्या यंत्राने उलटं ऐकलं. गप्प बसणारे जगू पाहत होते आणि बोलणारा निघाला होता. नव्या यंत्रांना त्यांनी तिसरी हाक दिली, आणि ती खऱ्या माणसाने मारायची असा नियम केला. मला काढून ऑफिसच्या कपाटात ठेवलं. बॅटरी काढायची राहूनच गेली. अजून साडेबाराला मी अठरा नावं पुकारतो. सफा नावाची नवी क्लार्क त्या वेळी कपाटाकडे पाठ करून बसत नाही.

काल अठरावं नाव संपलं, आणि कपाटाच्या अंधारात कोणीतरी म्हणालं, "हाकामारी, हाकामारी." आवाज मुग्धाचाच होता, पण मुग्धा तर सुट्टीवर पुण्याला गेली आहे. मी ओ दिली नाही. तिसऱ्या हाकेसाठी कान लावून बसलो आहे.

मित्रांनो, तुमच्या जवळचं माणूस 'बरं आहे' म्हणालं, की तुम्ही पुढे निघून जाता. जाऊ नका. दोन हाका माझ्यासारखा डबाही मारतो. तिसरी तुम्ही मारा.