मखमली पडद्याआडची हवा

शेगावातल्या एका कॉलेजच्या गच्चीवर हवेतले परागकण आणि बुरशी मोजायचं यंत्र बसलं. त्याच दिवशी मोतीराम शिपायानं त्याच्यावर आधी प्लास्टिक आणि मग लाल मखमली पडदा चढवला, वरून सोनेरी रिबीन आवळली. उद्घाटन व्हायचं होतं, आणि तोवर यंत्रावर धूळ बसू नये असं प्राचार्य वामनरावांचं म्हणणं. यंत्र हवेतली धूळ धरण्यासाठीच आहे, असं वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या शंतनुनं सुचवून पाहिलं.

"बसू द्या ना मंग," वामनराव म्हणाले, "पण साहेबाच्या हातानं पडदा निघाल्यावर."

साहेब म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. त्यांना पोळ्यापासून वेळ मिळत नव्हता.

यंत्र मात्र चालू ठेवायचा हुकूम होता. पुण्या-नागपुरापासून बऱ्याच शहरांत तशीच यंत्रं होती आणि सगळ्यांचे आकडे एकाच नकाशावर जायचे. शंतनु दर सोमवारी पडद्याखाली हात घालून आतली चिकट पट्टी काढायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. पट्टी कोरी. आकड्याशेजारी शेरा लिहायची सोय नकाशात नव्हती, म्हणून त्यानं शून्य पाठवलं. पुणे लाल झालं, नागपूर नारिंगी, आणि शेगाव असं हिरवंगार की गुरांनी तोंड घालावं. फाटकावर फ्लेक्स लागला: सर्वांत शुद्ध हवा आपल्या शेगावची. त्यावर वामनराव हात जोडून उभे होते, जणू हवा त्यांनीच गाळून सोडली होती.

शंतनुलाही याचं हसू यायचं. मग पुण्याहून मोठ्या बहिणीचा, सिंधूताईचा फोन आला. तिच्या आरोहीला दमा होता.

"दिवाळीपर्यंत ठेवून घे तिला. इथे पंप हातातून सुटत नाही पोरीच्या."

"ताई, त्या हिरव्या रंगाचं काही खरं नाही."

"आकडे कोण पाठवतं?"

"मीच."

"मग खोटे पाठवतोस?"

 खोटा आकडा शंतनुनं एकही पाठवला नव्हता. पडद्याचं सांगावं, तर त्याची नोकरी तासिकेवरची आणि भावजी ऐकलेलं सगळं फेसबुकवर टाकणारे. आरोही आली.

सोयाबीनची मळणी जोरात होती. गावाभोवती मळणीयंत्रं काळपट धुरळा उडवत होती आणि मोकळ्या जागी गाजरगवत पांढरंशुभ्र फुललं होतं. पोरगी दोन दिवस अंगणात खेळली आणि मग खांदे वर ओढून श्वास घ्यायला लागली. छातीतून शिटी वाजायची. "मामा, पंप संपला का बघ ना," ती म्हणायची. पंप भरलेला होता.

डॉक्टरांनी छाती तपासली आणि मोबाइल उघडला. "हवेचं नाही हे. हवा तर हिरवी दाखवून राह्यली. पोरीनं आईपासून दूर राहणं मनावर घेतलं."

"डॉक्टर, ते आकडे मी पाठवतो."

"मंग तर प्रश्नच मिटला," डॉक्टर म्हणाले आणि आम्लपित्ताची गोळी लिहून दिली.

शंतनु तिथून थेट वामनरावांकडे गेला.

"सर, माझी भाची गुदमरून राह्यली. पडदा काढू द्या. खरा आकडा गेल्याशिवाय डॉक्टर ऐकत नाही."

"काऊन एवढी घाई करता? गुरुवारी साहेब येऊनच राह्यले. मंडपवाल्याले सांगून झालं."

"तोवर पोरीनं श्वास धरून बसावं का?"

वामनरावांनी प्रश्नाचा मनापासून विचार केला. "खिडक्या लावून घ्या," ते म्हणाले.

शंतनु गच्चीवर गेला. प्रयोगशाळेतल्या ब्लेडनं रिबीन कापली, प्लास्टिक फाडलं आणि पडदा काखेत मारून खाली उतरला. दुसऱ्या दिवशी पट्टी काजळी धरल्यासारखी काळी होती. सूक्ष्मदर्शकाखाली गाजरगवताचे काटेरी गोळे आणि बुरशीचे गदेसारखे बीजाणू, एकावर एक. त्याला रडू यायला हवं होतं. त्याला आनंद झाला. त्यानं लगेच आकडा पाठवला.

नकाशावाल्यांचं उत्तर तासाभरात आलं. एवढी वाढ एका दिवसात शक्य नाही, यंत्र बिघडलेलं दिसतं, दुरुस्ती होईपर्यंत मागचा आकडा कायम ठेवत आहोत. शेगाव हिरवंच राहिलं.

गुरुवारी सकाळी आरोहीचे ओठ निळे पडले. तिला बोलता येईना. शंतनुनं अकोल्याला न्यायला भाड्याची गाडी आणली. गाडीच्या मागच्या खिडकीची काच अर्ध्यातच अडकलेली. घरातली चादर त्या फटीला पुरेना. मग बायकोनं, पुष्पांजलीनं, खुंटीवरचा मखमली पडदा बादलीत बुडवला आणि खिडकीवर घट्ट बांधला. अख्ख्या जिल्ह्यात धूळ अडवणारी तेवढी एकच गोष्ट होती, आणि ती त्यानं चोरून आणली होती.

गाव सुटलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना मळण्या चालू होत्या. पोरगी मामीच्या मांडीवर तोंड उघडं टाकून पडली होती, दर श्वासाला गळ्याशी खड्डा पडत होता. फोन वाजला.

"शंतनु सर, कुठं हाय तुमी? साहेब आले. गच्चीवर उभे आहेत. पडदा कुठाय?"

"पडदा कामात आहे, सर."

"अहो, मंग आता काय उघडाचं साहेबानं?"

शंतनुनं फोन बंद केला. पडद्याची ओल वाळत चालली होती. त्यानं बाटलीतलं उरलेलं पाणी त्यावर ओतलं आणि ड्रायव्हरला म्हणाला, "भाऊ, जरा दाबा." पुढे, रस्त्यालगतच, आणखी एक मळणीयंत्र सुरू होत होतं.