आतड्यात भरवणं

सिनापाती आत्या रविवारी चर्चमधून थेट आमच्या घरी आली ती वाइसालोचं पातेलं घेऊनच. कोवळ्या नारळाची ही घट्ट खीर आजाऱ्याला द्यायची आमची रीत. पण बाबांचं जठर ऑपरेशनमध्ये काढून टाकलंय. आता आतड्यात बसवलेल्या बारीक नळीतून पातळ औषधी दूध सोडायचं, बस.

“तान्ह्या बाळाचं दूध पाजतेस माझ्या भावाला?” आत्या कडाडली. “हाडं बघ त्याची!”

“याला एंटरल फीडिंग म्हणतात,” मी मुद्दाम तोऱ्यात म्हटलं. “थेट आतड्यात भरवणं. खीर घातलीस तर नळी तुंबेल. नवी बसवायची तर पुन्हा पोट फाडावं लागेल, आणि ते बाबांना झेपणार नाही.”

“डॉक्टरी नावानं भूक भागते होय गं? सरक बाजूला.”

सामोआत बहिणीचा शब्द भावाने मोडायचा नसतो, तिचा शाप लागतो. बाबांना सगळं कळत होतं, तरी त्यांनी मुकाट्याने शर्टाची बटणं सोडली. मरायला तयार, पण बहिणीला नाही म्हणायला नाही! माझ्या डोक्यात तिडीक गेली. आत्याने मोठी सिरिंज खिरीने भरली तशी मी ती हिसकावली आणि पातेलं अंगणात भिरकावलं.

आत्या तडक निघून गेली.

संध्याकाळी मी दूध घेऊन बसले, तर बाबांनी नळीवर तळहात दाबून धरला. “आधी तिची माफी माग.”

सोमवारी सकाळीही तेच. ओठ सुकले, डोळे खोल गेले. शेवटी मी आमची मानाची विणलेली चटई डोक्यावरून घेतली आणि आत्याच्या दारात भर उन्हात बसले. आमच्यात माफी अशीच मागतात. चटईखाली मी तिला मनातल्या मनात लाखोली वाहत होते. म्हातारीने मला चांगलं भाजून काढलं, मग चटई उचलली.

“चल, दाखव कसं भरवायचं ते. यापुढे माझ्या भावाला मीच भरवणार. तू नळीला हात लावायचा नाहीस.”

घरी येऊन तिने हात धुतले, मी सांगितलं तसं दूध हळूहळू सोडलं. एक चूक नाही! माझ्या हातून घेताना भिंतीकडे बघणारे बाबा तिच्याकडे बघून हसले.

“पोट भरलं गं, सिना,” ते म्हणाले.

इतक्या महिन्यांत मला ते एकदाही असं म्हणाले नव्हते.