सात दिवसांची मुदत

बुधवारी अकराच्या सुमारास गेटवरचा वॉचमन महिपतच्या मशीनपाशी आला. मुरबाडच्या त्या कंपनीत कामगारांचे मोबाइल गेटवरच जमा होतात, म्हणून सापगावच्या घरून आलेला निरोप आत पोचायला दीड तास लागला होता.

"महिपत, घरी जा. वहिनी गेल्या."

त्याची बायको काशी हंडा उतरवताना छाती धरून बसली, ती उठलीच नाही. महिपत हातमोज्यांसकट बाहेर धावला. गेटवर पंच करायचं राहिलं.

महिपत चौथी शिकलेला, काशी दहावी. कंपनीचा प्रत्येक कागद ती जेवणं झाल्यावर चुलीपाशी बसून मोठ्याने वाचायची आणि अर्थ सांगायची.

"सीटीसी म्हणजे सांगायचा पगार. इन हँड म्हणजे आपला."

"आन इन्सेंटिव?"

"जावयाला दिवाळीत कबूल केलेली अंगठी."

नवा शब्द कानावर पडला की तो कंपनीच्या बसमध्ये घोकत घरी यायचा, तिला विचारायला.

अग्नी त्यानेच दिला होता, त्यामुळे तेराव्यापर्यंत उंबरा ओलांडायचा नव्हता. शेजारचा शेखर त्याच कंपनीत, त्याच बसने जायचा. महिपतने त्याला सांगितलं, "सुपरवायझरला सांग, तेरावं झालं की येतो." गावात सुतकाचा निरोप असाच जातो. कोणी अर्ज लिहीत नाही.

सहाव्या दिवशी कंपनीचं रजिस्टर पत्र आलं. पोस्टमन सही मागत होता. दुखवट्याला आलेली सोमीकाकू आतून ओरडली, "महिपता, सुतकात कुठल्या कागदाला सही करू नको रे!" मग शेखरची बायको रेश्मा हिने सही केली आणि पाकीट माळ्यावर ठेवलं गेलं. महिपत ते फोडून तरी काय करणार होता? वाचणारी नव्हती.

चौदाव्या दिवशी तो कामावर गेला, तर गेटच्या मशीनने त्याचा चेहरा घेतला नाही. ऑफिसातल्या नम्रता मॅडमनी कॉम्प्युटरमध्ये पाहिलं.

"तुमचं स्टेटस इनअ‍ॅक्टिव्ह आहे."

"मॅडम, मी तर जिता हाय."

मॅडमना हसू आलं नाही. त्यालाही आलं नाही.

"तुम्हाला अ‍ॅबस्कॉन्डिंग दाखवलंय. म्हणजे न सांगता पळालेला माणूस. शो कॉज नोटीस पाठवली होती. म्हणजे कारण विचारलं होतं. सात दिवसांची मुदत होती. डिलिव्हरीची सही आहे आमच्याकडे."

"बायको वारली मॅडम. निरोप धाडला होता."

"रेकॉर्डवर काही नाही." त्यांनी एक कागद पुढे सरकवला. "फुल अँड फायनल. सही केलीत तर हिशेब मिळेल, मॅटर क्लोज होईल."

महिपतने पेन उचललं नाही. घरी वाचल्याशिवाय सही करायची नाही, ही काशीची ताकीद. त्याचं वय सेहेचाळीस. पळालेला माणूस असा शेरा घेऊन गेलं तर मुरबाडमध्ये दुसरी कुठली कंपनी दारात उभं करणार होती? तिसरीतल्या लेकीचं, कुणालीचं पुढे काय?

मॅडमनी आवाज खाली आणला. "अपील करता येईल. शुक्रवारी पाचपर्यंत. हा फॉर्म स्वतःच्या अक्षरात भरा, मृत्यूचा दाखला जोडा. आणि तुमचा निरोप ज्याने आणला त्याच्याकडून दोन ओळी लिहून आणा."

संध्याकाळी तो शेखरच्या ओट्यावर गेला. "शेखर, दोन ओळी लिहून दे रे."

शेखर चपलेचं टोक जमिनीवर घासत राहिला. "दादा, मी सांगितलं होतं. देवाशपथ. सुपरवायझर 'बघतो' बोलला."

"मंग तेच लिही."

"माझं काँट्रॅक्ट पुढल्या महिन्यात रिन्यू होतंय. सुपरवायझरच्या विरोधात माझी सही गेली तर मलापण घरी बसवतील."

आतून रेश्माचा आवाज आला, "आपल्या लेकाच्या वेळी वहिनींनी माझं बाळंतपण काढलं नव्हतं का? लिहा की!"

"तू गप गो. पगार तू देणारेस का?"

महिपत उठला. शेखरवर रागवायला हवं होतं, पण तेवढंही बळ नव्हतं. घरी येऊन त्याने माळ्यावरचं पाकीट काढलं. आत एकच पान होतं, इंग्रजीत. त्याने ते हातात धरलं आणि सवयीने चुलीकडे पाहिलं.

शुक्रवारी सकाळी ग्रामपंचायतीतून दाखला मिळाला. दुपारी तीनला तो कंपनीच्या गेटबाहेरच्या बाकावर अपिलाचा फॉर्म घेऊन बसला. वॉचमनने पेन दिलं. महिपतने नाव लिहिलं, टोकन नंबर लिहिला, गैरहजेरीच्या तारखा लिहिल्या. त्याखाली होता गैरहजेरीचं कारण लिहायचा रकाना.

'पत्नी' एवढं त्याने लिहिलं. पुढचा शब्द त्याला येत होता. दाखल्यावर छापलेला होता, बघून उतरवायचा होता नुसता. चार वेळा पेन टेकवलं आणि उचललं.

"महिपत, साडेचार झाले," वॉचमन म्हणाला. "मी लिहू का?"

"नको. माझ्या अक्षरात पायजे, मॅडम बोलल्या."

पाचला दहा मिनिटं कमी आहेत. शेखरच्या दोन ओळी मिळालेल्या नाहीत. कारणाचा रकाना भरायचा राहिला आहे.