कॉम्प्युटरची सायंप्रार्थना

सालेफुतीच्या महिला मंडळाला कॉम्प्युटर मिळाला तो ऑकलंडच्या भाऊबंदांकडून. तिकडे अडगळ झालेली वस्तू बोटीत बसून सामोआला आली की तिची देणगी होते, आणि देणगीला नावं ठेवायची सोय नसते. मंडळाने त्याला हार घातला, विणलेला रुमाल पांघरला, पाद्रीबुवांनी आशीर्वाद दिला. मग बटण दाबलं, आणि आशीर्वाद कमी पडल्याचं सगळ्यांना कळलं.

बायका बटण दाबून घरी जायच्या, तारोचे कंद सोलायच्या, पोरांना धपाटे घालून आंघोळी घालायच्या आणि परत यायच्या, तरी पडद्यावर ते चाक आपलं गरगरतंय.

"हा अगदी आमच्या पोउलीसारखा आहे," मेरिपा नवऱ्यादेखत म्हणायची. "डोळे उघडतो, पण उठत नाही."

मेरिपा गावाच्या बायकांच्या किरिकिटी, म्हणजे सामोअन क्रिकेटच्या, संघाची कप्तान. आडव्या हाडाची, पन्नाशी ओलांडलेली. तिने बॅट फिरवली की चेंडू शोधायला माणूस माडावर चढवावा लागे. राजधानी आपियाच्या मोठ्या स्पर्धेत एकदा तरी खेळायचं, एवढंच तिचं मागणं. पण कुण्या शहाण्याने ठरवलं होतं की नाव नोंदवायचं ते फक्त कॉम्प्युटरवरून. फोनवर तो अर्ज अर्धा उघडायचा आणि आडवा पडायचा. गेल्या वर्षी चाक गरगरत असतानाच मुदत संपली, आणि शेजारच्या वाइलोलोच्या बायका बसमधून नाचत, गात, मुद्दाम खिडकीतून ढुंगण दाखवत आपियाला गेल्या. यंदाची मुदत आज संध्याकाळी सातपर्यंत. आणि मेरिपाचे गुडघे पुढच्या वर्षाची हमी द्यायला तयार नव्हते.

उपाय काय कमी केले होते? कॉम्प्युटरला पंख्याचा वारा घातला, गोंजारलं, चापट्या मारल्या. शेवटी मेरिपाला साधी गोष्ट सुचली: बंदच करायचा नाही. झोपवलंच नाही तर उठवायची कटकट कशाला?

आड आले सेफोकाका. गावातले वजनदार वडीलधारे, आणि 'सा'चे राखणदार. संध्याकाळी शंख वाजला की सा सुरू. दुसरा शंख होईपर्यंत गाव प्रार्थनेत. रस्त्यावर असाल तर आहात तिथेच बसायचं. हललात की दंड एक डुक्कर. काकांच्या मते हा नियम यंत्रालाही लागू होता. म्हणून रोज शंखाच्या आधी ते मंडळाच्या घरात यायचे आणि कॉम्प्युटरचा प्लग खसकन उपटायचे. बटणावर त्यांचा विश्वास नव्हता.

मुदतीच्या त्या दुपारी चाकाकडे बघून बघून कंटाळलेल्या मेरिपाने पडद्यावरचं बारीक अक्षर पहिल्यांदाच नीट वाचलं. मला नीट बंद केलं नव्हतं, आता मी सगळी तपासणी करतोय, असं ते यंत्र रोज बिचारं सांगत होतं. वाचायची तसदी कुणी घेतली नव्हती. ती तडक काकांच्या दारात.

"काका, रोज मुंडी मुरगळता त्याची. मग तो उठेल कसा?"

"देवापुढे सगळ्यांनी गप्प बसायचं असतं, पोरी."

"गप्पच बसलाय तो! आला तेव्हापासून!"

"शंखाआधी मी येणार आणि उपटणार."

"आज नका ना. फक्त आजच्या दिवस."

"गेल्या वर्षीही 'फक्त आज'च म्हणाली होतीस," काका म्हणाले आणि पाठीला खोबरेल चोळायला लागले. माणसाच्या हातात एवढीशी सत्ता आली की तो कुणाचा तरी प्लग उपटतोच. दुसरं काय करणार?

संध्याकाळ झाली. तपासणी संपत आली होती. संघाच्या बायका मांडी घालून वाट बघत बसलेल्या. एवढ्यात खिडकीतून मेरिपाला दिसलं: काका छत्री टेकत निघालेत. आता आले की गेलाच कॉम्प्युटर, आणि गेलं आणखी एक वर्ष.

खिडकीखाली विलायती फणसाच्या झाडाला टेकून तिचा नवरा पोउली उभा होता. त्या महिन्यात शंख फुंकायचं काम त्याच्याकडे होतं.

"पोउली, फुंक."

"अगं, वेळ कुठे झालीय? सूर्य बघ ना."

"सूर्याला खेळायचंय का आपियात? फुंक!"

"काका मला जिवंत सोडतील?"

"काकांचं काकांपाशी. नाही फुंकलास तर मी आजपासून तुला त्या शंखातच जेवायला वाढीन."

पोउलीने जीव खाऊन शंख फुंकला.

गाव जागच्या जागी थिजलं. डोक्यावर साबण घेऊन एक जण नळाखालीच बसला. सेफोकाका ऐन रस्त्याच्या मधोमध, एक पाय उचललेला. त्यांनी सूर्याकडे पाहिलं, पोउलीकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, आणि त्यांना सगळं कळलं. पण करतात काय? कडेला पहाऱ्याची तरणी पोरं काठ्या घेऊन उभी. दंडाचा नियम त्यांना काकांनीच घोकून शिकवलेला. काका मुकाट चिखलात बसले. सा न पाळणारी एक डुकरीण पिल्लं घेऊन त्यांना हुंगायला आली.

आत कॉम्प्युटर जागा झाला. आणि त्या पवित्र शांततेत मेल्याने जागं झाल्याची धून केवढ्यांदा वाजवली! बायकांनी ताबडतोब वरच्या पट्टीत भजन धरलं. मेरिपाने हात रुमालाखाली घातले, डोळे अर्धे मिटले, आणि एका बोटाने अर्ज भरला. पाठवला.

चाक गरगरायला लागलं.

भजन संपलं. मेरिपाने डोळे वटारले. बायकांनी दुसरं धरलं. मग तिसरं. बाहेर दुसरा शंख होईना. घराघरांत पोरं रडायला लागली, चुलीवरचं करपायला लागलं, म्हातारे म्हणाले, आज कुणीतरी मोठं गेलं असणार. पोउली शंख ओठाला लावून खिडकीकडे बघत उभा, आणि खिडकीतून मेरिपाची मान नकारार्थीच हलतेय.

शेवटी पडद्यावर उमटलं: तुमचा संघ नोंदवला आहे.

मेरिपाने मान डोलावली. शंख वाजला. सेफोकाका दारात आले, मागून पार चिखलाने माखलेले.

"शंख लवकर वाजला."

"हो काका."

"आणि सा संपता संपली नाही."

"देवाला आज जरा जास्त वेळ दिला आपण."

"मला अक्कल शिकवू नकोस! डुक्कर भरायचं. मोठं. त्या भवानी डुकरिणीने माझी छत्री खाल्ली." काकांनी घसा खाकरला. "झाली का नोंदणी?"

"झाली."

"वाइलोलोवाल्यांची?"

"यादीत नाहीत अजून. सातला पाचच मिनिटं राहिलीत."

काकांचा चेहरा कडकच राहिला, पण पोट हलायला लागलं. "त्यांच्या गावात सा फार वेळ चालते," ते म्हणाले. "सज्जन माणसं."

मेरिपा डुक्कर आणायला निघाली. रस्ताभर ती हातात बॅट नसतानाही हवेत फटके मारत होती, आणि मागून पोउली ओरडत होता, "हळू! गुडघे सांभाळ, कप्तान!"