अध्यक्षांचं औषध

चांगदेवराव विठ्ठलवाडीतल्या व्यसनमुक्ती समितीचे अध्यक्ष. त्यांच्या प्रशांतला शाळेच्या बसवर ड्रायव्हर म्हणून घेणार होते. फक्त लघवीची तपासणी उरली होती. प्रशांत पूर्वी गांजा ओढायचा. म्हणून वडिलांनी स्वतःचीच लघवी भरून, त्याच्या नावाने, आमच्या लॅबमध्ये आणून दिली.

गांजा निघाला नाही. अफूच्या वर्गातलं द्रव्य निघालं.

मी दोघांनाही बोलावून घेतलं.

"बाबा, चार महिने झाले मी सोडून! नमुना मीच देणार होतो ना?" प्रशांत ओरडला.

"मी खोकल्याचं औषध घेतो," चांगदेवराव म्हणाले.

"रोज?"

"बारा वर्षं. पण औषध आहे ते, मॅडम. नशा वेगळी."

"खोकला आहे?"

त्यांनी टेबलावरचा रिपोर्ट उलटा करून ठेवला.

"नमुना तुमचा होता, एवढं लिहून द्या. प्रशांतची तपासणी आत्ताच पुन्हा करते."

त्यांनी पेन काढलं, उघडलं आणि परत खिशाला लावलं. "रविवारी शाळेत माझं भाषण आहे. रिपोर्ट याच्याच नावावर राहू द्या. याचं नाव तसंही खराबच आहे."

मी तो रिपोर्ट फाडला, प्रशांतला तपासणीसाठी आत पाठवलं आणि अध्यक्षांना बाहेर बसायला सांगितलं.